ओल खोलीत, कारण परसात : जुन्या घराच्या दुर्लक्षित अंगणाचं एक प्रकरण

घर जुनं, एकमजली, बरीच वर्षं बंद पडलेलं. घेणारं कुटुंब तिघांचं: नवरा, बायको (पुढे दादा आणि ताई) आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी. खरेदी आणि छपराची डागडुजी यांतच बहुतेक शिल्लक खर्ची पडली होती. अंगणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम इतकी तुटपुंजी होती, की सगळं काम कंत्राटाने दिलं असतं तर ती दारापुढच्या तुकड्यावरच संपली असती. मी बागांची आखणी करते. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की थोडक्या पैशांत सुरुवात कुठून करायची. त्यांच्या मनात पुढे हिरवळ, कुंपणाला फुलझाडं आणि मागे भाजीचे वाफे असं चित्र होतं.

घराच्या खर्चाच्या यादीत मात्र एक वेगळी ओळ होती: मागच्या खोलीला आतून वॉटरप्रूफ गिलावा. त्या भिंतीचे पोपडे गुडघ्यापर्यंत सुटले होते आणि त्यावर पांढरा क्षार फुलला होता. ही ओळ खरं तर अंगणाच्या यादीतली आहे, हे भिंत बाहेरून पाहिल्यावर कळलं. तिथून पुढे कामाचा सगळा क्रम बदलला. या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी ते हेच, म्हणून त्यावर जास्त लिहिते आहे.

जोतं कुठे गेलं?

मागच्या भिंतीपाशी उभं राहिलं तर घराचं जोतं, म्हणजे पायाचा जमिनीवर उचललेला भाग, दिसतच नव्हतं. पालापाचोळा कुजून झालेली माती, कुणीतरी भिंतीला लागून केलेला जुना फुलांचा वाफा, आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीचा तिथेच पसरलेला राडारोडा, असं करत करत जमीन जोत्याच्या वर वीतभर चढली होती. जोत्यात ओल अडवण्यासाठी जो थर दिलेला असतो, त्याच्या वरच्या विटांना माती टेकली की तो थर असून नसल्यासारखा होतो. बाहेरची जमीन या थराच्या निदान १५० मिमी, म्हणजे ६ इंच खाली असावी, हा बांधकामातला जुना आणि साधा दंडक. इथे तो उलटा झाला होता.

दुसरं म्हणजे परसाचा उतार. मागच्या कुंपणापासून जमीन हळूहळू घराकडे उतरत होती. डोळ्यांना ते जाणवत नव्हतं, कारण गवत कमरेएवढं होतं. बाजूच्या बोळातला कोबा मधोमध खचून भिंतीकडे कलला होता. आणि ओल आलेल्या खोलीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर छपराची पन्हळ तुटलेली होती.

यातलं एकेक कारण किरकोळ वाटतं. हिशोब केला की वाटत नाही. १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. घराचं छप्पर साधारण १०० चौरस मीटर. २० मिमीची एक चांगली सर आली की त्यावरून सुमारे २,००० लिटर पाणी उतरतं. त्यातलं निम्मं छपराच्या मागच्या उतारावरून त्या एका कोपऱ्यात, म्हणजे २०० लिटरची पाच पिंपं भिंतीच्या मुळाशी ओतल्यासारखं. वर परसातून वाहून येणारं पाणी वेगळंच.

अशा भिंतीला आतून पाणी न झिरपणारा गिलावा केला तर काय होतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. भिंत खालून पाणी ओढतच राहते. आतल्या बाजूने ते सुकण्याची वाट बंद झाली, की ओल वर सरकते आणि नव्या गिलाव्याची किनार संपते तिथे बाहेर पडते. पैसे जातात, ओल राहते, फक्त फूट-दोन फूट उंच.

म्हणून दोघांनी गिलाव्याची रक्कम अंगणाकडे वळवली. अंगणाच्या हाती जवळजवळ दुप्पट पैसे आले आणि घराचा एकूण खर्च होता तेवढाच राहिला. पडीक घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आग्रहाने सांगते, की घराची आणि अंगणाची यादी वेगवेगळ्या कागदांवर करू नका. ओल, वाळवी, भेगा, खचलेला कोबा, या गोष्टी भिंतीच्या दोन्ही बाजूंना असतात.

उतार काढण्याचं काम

यंत्र आणायची गरज पडली नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना लेव्हल काढायची गवंड्यांची पद्धत पुरेशी होती. दोन खुंट्या, दोरी, नळी आणि मोजपट्टी. भिंतीपासून सुरुवात करून दर काही फुटांवर जमीन किती वर-खाली आहे ते कागदावर मांडलं, तेव्हा मागचं कुंपण जोत्यापेक्षा जवळपास दीड फूट उंच निघालं.

घरापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरावी, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. मागची जमीन चढती असेल तर तो सरळ पाळता येत नाही. सगळं परस खणून काढायला जो खर्च येईल तो इथे परवडणाराही नव्हता. मग दोन उतार एकमेकांकडे आणले. भिंतीलगतची माती काढून जमीन घरापासून बाहेर उतरती केली, आणि परसाचा उतार जिथे तिला भेटतो तिथे भिंतीला समांतर एक उथळ, रुंद चर काढला. चर इतका पसरट ठेवला, की त्यावरून मूल धावलं तरी अडखळू नये. चराला लांबीच्या बाजूने शंभराला एक ते दोन एवढा उतार दिला आणि तो परसाच्या सखल कोपऱ्याकडे नेला. शेजारच्या कुंपणाखालून पाणी सोडून देणं सर्वांत सोपं असतं, पण त्याने आपली ओल दुसऱ्याच्या घरात जाते. तो विचारही करू नये.

सखल कोपऱ्यात पाणी मुरवण्यासाठी वशिंडाच्या उलट आकाराचा एक खोलगट भाग करायचा होता. तिथे आधी जमिनीची परीक्षा घेतली. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा, ते एकदा पूर्ण मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं आणि मग दर तासाला पातळी किती उतरते ते मोजायचं. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर निचरा चांगला. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर तिथे पाणी साठवू नये. पहिल्या खड्ड्यात पाणी जवळजवळ हललंच नाही. खाली बांधकामाचा चुरा दाबून बसलेला होता. काही पावलं पलीकडे, जिथे कधी गाडी किंवा सामान उभं राहिलं नव्हतं, तिथे पाणी तासाला इंचाहून थोडं अधिक मुरलं. खोलगट भाग तिथे केला, घरापासून १० फुटांपेक्षा पुष्कळ दूर आणि फक्त ६ इंच खोल. एवढं पाणी काही तासांत मुरतं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. एक-दोन दिवसांत कोरड्या होणाऱ्या जागेत त्यांची पैदास होत नाही.

पन्हळ दुरुस्त करून तिचं पाणी नळीने चरात सोडलं. बोळातला खचलेला कोबा पहारीने फोडून काढला. मजुरी दिली ती या कामाला आणि भिंतीलगतची माती उचलायला. अंगणाच्या एकूण खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा इथे गेला. खणायला सुरुवात करण्यापूर्वी पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन कुठून जाते हे जुन्या मालकाकडून आणि संबंधित कार्यालयांकडून विचारून घेतलं होतं. जुन्या घरात ही विचारपूस टाळणं धोक्याचं असतं.

हे सगळं झाल्यावर अंगण आधीपेक्षा भकास दिसत होतं. "निदान पुढचं दार तरी बघण्यासारखं करूया ना," असं ताई एकदा अगदी काकुळतीने म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घर घेतल्यावर रोज ज्या दारातून आत जायचं ते उजाड दिसावं, हे कुणालाही सोसत नाही. म्हणून दारापुढची पायवाट तेवढी लगेच केली. फोडलेल्या कोब्याच्या लाद्या सपाट बाजू वर ठेवून, सांध्यांत बारीक खडी भरून. माणसं मुळात जिथून चालत होती, गवत जिथे दबलेलं होतं, तीच रेघ पकडली; रुंदी ४ फूट, म्हणजे दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतील अशी. उरलेल्या मोठ्या तुकड्यांची परसात चढाच्या बाजूला सिमेंटशिवाय एक बुटकी ताल, म्हणजे माती अडवणारी भिंत, रचली. तळचा थर जमिनीत गाडलेला, प्रत्येक फुटाला इंचभर मागे कललेली, आणि दोन फुटांपेक्षा उंच नाही. त्याहून उंच ताल रचायची असेल तर ते जाणकाराचं काम आहे.

सगळं साफ करायची घाई

पहिल्याच भेटीत त्यांनी एक मशीनवाला ठरवत आणला होता. दिवसभरात सगळं खरवडून सपाट करून देतो, असं त्याचं म्हणणं. कमरेएवढं रान पाहिलं की तो मोह होतोच. मी तो टाळायला लावला, आणि यामागची कारणं फक्त पैशांची नाहीत.

वरची वीतभर माती हाच जमिनीतला सर्वांत जिवंत थर असतो; तो खरवडला की खालची निर्जीव माती उरते आणि पुढे विकतची माती आणावी लागते. जड मशीन फिरलं की जमीन दबते आणि पाणी मुरत नाही. हरळीसारख्या गवताच्या जमिनीखालच्या दांड्यांचे तुकडे होऊन प्रत्येक पेराला नवा कोंब फुटतो. शिवाय खोल पडून राहिलेलं तणांचं बी वर येतं, त्याला उजेड लागतो आणि काही आठवड्यांत आधीपेक्षा दाट रान माजतं.

त्याऐवजी गवत कोयत्याने गुडघ्याखाली कापलं, तेही फुलावर येण्याआधी. कापलेल्या जागेतून काय निघालं ते पाहण्यासारखं होतं: दगडी फरशीचा एक तुकडा, एकेकाळी ओळीत लावलेली आणि अजून जिवंत असलेली काही झुडपं, आणि परसाच्या कोपऱ्यातलं मोठं जुनं झाड, जे वेलींनी गुरफटून गेल्यामुळे मेलं आहे असं सगळे समजत होते. मशीनने यातलं काहीही ठेवलं नसतं. शक्य असेल तर एक पूर्ण ऋतुचक्र जमीन नुसती बघावी. कुठे पाणी थांबतं, कुठे ऊन किती तास येतं, कोणतं झाड कधी फुटतं. इथे तेवढा वेळ नव्हता, पण निदान भिंतीचं काम चालू असताना बाकीच्या भागाला कुणी हात लावला नाही.

जुनं झाड

शेजाऱ्यांचा सल्ला होता झाड पाडा, मोकळं होईल. झाड पाडायला खर्च येतो, आणि मग तेवढी सावली पुन्हा मिळायला एक पिढी जाते. वेली बुंध्यापाशी कापून तशाच वर सुकू दिल्या. ओढून काढल्या की साल सोलली जाते. मेलेल्या दोन मोठ्या फांद्या मात्र घराच्या बाजूला झुकल्या होत्या. त्यासाठी प्रशिक्षित माणूस बोलावला, आणि हा खर्च करायलाच हवा असं मी ठामपणे सांगितलं.

फांदी कापताना आधी खालून थोडी खाच, मग त्याच्या पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून, अशी तीन कापांची रीत. फांदी खोडाला घासून सपाट कापू नये आणि जखमेवर रंग किंवा डांबर लावू नये. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती आतून भिंती उभारून कुजणं तिथेच कोंडतं. तो फुगीर कडा या कामाला लागतो, आणि रंगाचा काही फायदा होत नाही. जिवंत फांद्या एका वेळी पाव हिश्शाहून जास्त काढू नयेत, हाही नियम पाळला.

आणखी एक जपणूक, जी बहुतेक जण विसरतात. भिंतीपासून काढलेली माती टाकायला झाडाखालची जागा सोयीची दिसत होती. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे दूरवर पसरलेली असतात. त्यांच्यावर मातीचा थर चढला की हवा कमी पडते आणि झाड दोन-चार वर्षांत हळूहळू वाळतं. तोवर कारण कुणाला आठवतही नाही. झाडाखाली एक घमेलंही टाकू दिलं नाही.

भिंतीजवळची माती आणि मुलगी

ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण घरात लहान मूल आहे. जुन्या तैलरंगांत शिसं असे. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. अनेक देशांत ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. जुन्या खिडक्या-दारांचा रंग खरवडला जातो, पोपडे पडतात, पागोळ्यांच्या पाण्याबरोबर ते भिंतीलगतच्या मातीत जातात आणि शिसं तिथेच राहतं. ते कुजत नाही, विरत नाही. लहान मुलं माती लागलेले हात तोंडात घालतात. त्यांच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी किमान पातळी सापडलेली नाही.

मातीचे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवले, एक भिंतीलगतचा आणि एक परसाच्या मध्यावरचा. या चाचणीचा खर्च त्यांच्या यादीत नव्हता. हिरवळीच्या बियाण्याचे पैसे कमी करून तो बसवला. भिंतीजवळच्या नमुन्यात शिसं मधल्यापेक्षा बरंच अधिक निघालं. मग तिथून निघालेली माती भाजीच्या वाफ्यासाठी वापरायची नाही, हे ठरलं. ती चराच्या वरच्या बाजूला लांबट बांधासारखी घातली, त्यावर दाट झुडपं लावली आणि उघडी माती कुठे राहणार नाही असं जाड आच्छादन केलं. भिंतीलगत आता खडीची पट्टी आहे. पागोळी पडली तरी चिखल उडत नाही, जोतं उघडं राहतं, आणि वाळवीने मातीची नळी चढवलीच तर ती लगेच दिसते. भाजीचे वाफे घरापासून लांब, जिथे दिवसाचं सहा तासांहून अधिक ऊन येतं तिथे. पालेभाज्या आणि कंद मातीतलं शिसं फळभाज्यांपेक्षा जास्त धरतात, आणि पानांना चिकटलेली माती हा त्यातला मोठा भाग असतो. म्हणून तिथेही आच्छादन आणि स्वच्छ धुणं आहेच.

विकतची माती न आणता

बाकीची माती चिकट होती. काचेच्या बरणीत थोडी माती आणि पाणी हलवून ठेवलं. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवते. इथे चिकणमातीचा थर जाड निघाला. अशा जमिनीत वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. उपयोग व्हायला वाळूचं प्रमाण मातीच्या निम्म्याहून अधिक लागतं. थोडी मिसळली तर जमीन विटेसारखी घट्ट होते. वरून वेगळ्या पोताची माती ओतली तर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं. म्हणून कंपोस्ट आणि आच्छादन, एवढंच.

कापलेल्या गवताचा आणि पाल्याचा ढीग हाच कच्चा माल. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या शेती-संशोधन संस्थेत कंपोस्टची जी पद्धत घालून दिली, तिचा गाभा आजही तोच आहे: सुकं आणि ओलं थराथराने, ओलावा, आणि वेळोवेळी ढीग पालटणं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ३०:१ असलं की ढीग तापतो. सुक्या पानांत ते ६०:१ च्या आसपास, ताज्या गवतात १५ ते २०:१, म्हणून दोन्ही लागतात. ढीग निदान ३ फूट लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान असेल तर उष्णता टिकत नाही. आतलं तापमान ५५ अंश सेल्सिअसला तीन दिवस राहिलं तर बहुतेक तणांचं बी मरतं, पण ते मधल्या भागातलं. कडेचं पालटून मध्ये आणावं लागतं. दादांनी हे काम मनापासून केलं.

पायवाटांवर आणि झुडपांखाली लाकडाच्या चिप्सचं तीन-चार इंची आच्छादन घातलं. छाटणी करणाऱ्यांना त्या कुठे तरी टाकायच्याच असतात, त्यामुळे बरेचदा फुकट मिळतात. त्या मातीत कालवायच्या नाहीत. कालवल्या तर कुजताना नत्र ओढतात. वर पसरल्या तर फक्त अगदी पृष्ठभागावर तसं होतं आणि रुजलेल्या मुळांना ते जाणवत नाही. बुंध्याला आणि भिंतीला मात्र त्या टेकू द्यायच्या नाहीत.

दोन तणं, दोन उपाय

भाजीच्या जागेवर बियांचं तण होतं. तिथे जमीन भिजवून, सपाट करून, कडक उन्हाच्या दिवसांत पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरलं, कडा मातीत पुरून. इस्रायलमधले वनस्पतिरोगतज्ज्ञ याकोव्ह कातान यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली, ती रोगांच्या बुरश्यांसाठी. तणाच्या बियांवरही ती चालते. काळं प्लास्टिक इतकं तापवत नाही. ओल महत्त्वाची, कारण कोरड्या मातीत उष्णता खाली पोचत नाही. यानंतर जमीन खोल खणली नाही, नाहीतर खालचं जिवंत बी वर आलं असतं.

बोळात लव्हाळा होता. तणांचे अभ्यासक लेरॉय होल्म आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत वाईट तणांची जी क्रमवारी लावली, तीत हा पहिला. त्याचे कंद साखळीने जमिनीत असतात. वरचं पान उपटलं की साखळीतला पुढचा कंद जागा होतो. त्याची टोकदार पाती पुठ्ठ्यातून आणि पातळ प्लास्टिकमधून सरळ वर येतात, त्यामुळे पुठ्ठे अंथरायचा स्वस्त उपाय तिथे केला नाही. उगवल्यावर काही आठवड्यांतच तो नवे कंद धरू लागतो, तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता, खुरप्याने कंदासकट काढत राहायचं. काढलेलं कंपोस्टात नाही, तर फरशीवर उन्हात पूर्ण वाळेपर्यंत. याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. लव्हाळा कमी झाला आहे, संपलेला नाही.

झाडांना उरलं किती

सगळ्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा. आणि तो पुरला. मोठ्या पिशवीतली झाडं घेतली नाहीत. लहान रोपाची मुळं त्याच्या उंचीच्या मानाने पुरेशी असतात, ते लवकर रुजतं आणि काही वर्षांत मोठ्या विकत घेतलेल्या झाडाला गाठतं. बांधावरची झुडपं परसात सापडलेल्या जुन्या झुडपांच्या फांद्या लावूनच केली. प्रत्येक रोप त्याच्या पूर्ण वाढीच्या घेराइतकं अंतर सोडून लावलं. मधली मोकळी जागा डोळ्यांना खुपते, पण ती चिप्सने झाकता येते, आणि दाट लावलेली झाडं पुढे उपटून टाकण्याइतका वाया जाणारा पैसा दुसरा नाही. खोलगट भागात पाण्यात काही तास उभी राहून पुढे कोरडंही सोसणारी झाडं हवीत. तिथली निवड त्यांनी जवळपासच्या ओढ्याकाठी आपोआप वाढणाऱ्या झाडांवरून केली, आणि ती मला फार आवडली.

हिरवळीचा आकार पाण्यावर ठरवला. कोरड्या दिवसांत तिला आठवड्याला साधारण २५ मिमी पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. मूळ चित्रातल्या १०० चौरस मीटरला आठवड्याला २,५०० लिटर झाले असते. मुलीला खेळायला पुरेल एवढी, जुन्या झाडाच्या सावलीबाहेर, एक लहानशी हिरवळ ठेवली.

भिंतीचं काय झालं

जाड विटेची भिंत सुकायला वेळ घेते. दर इंचाला सुमारे एक महिना, असा बांधकामातला ढोबळ अंदाज आहे. ९ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. तेवढा काळ खोलीतला सुटलेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवली, क्षार ब्रशने कोरडाच झाडला आणि खिडकी उघडी राहील हे पाहिलं. या काळात पाहुण्यांनी विचारलं, नातेवाइकांनी सुनावलं, दोघांनी तग धरला. पुढच्या पावसाच्या हंगामात पाणी चरातून सखल कोपऱ्यात गेलं आणि भिंतीवर नवी ओल चढली नाही. त्यानंतर आतून साधा चुन्याचा गिलावा केला, जो भिंतीला श्वास घेऊ देतो. वॉटरप्रूफ गिलाव्यासाठी ठेवलेल्या रकमेच्या तो थोडक्या भागात झाला.

बरंच बाकी आहे. मागच्या कुंपणाचे खांब कुजले आहेत. चराच्या वळणावर जोराच्या पावसात माती वाहते, तिथे दगड बसवायला हवेत. फाटकापाशी कोब्याचा एक मोठा तुकडा अजून तसाच आहे. तो घरापासून बाहेर उतरतो, म्हणून त्याला हात लावायची घाई नाही. पुढच्या वर्षीचा पहिला खर्च चराच्या दगडांवर करायचं ठरलं आहे, कुंपण त्यानंतर.